बर्थामावशीची भिंत

मला विरारला आणलं ते एका भिंतीनं. नवरा बिचारा नुसता पिशवी धरून मागे होता.

१९८२ साल होतं. यांचा कारखाना परळहून उठून वसईजवळच्या वालीवला गेला. दोन पत्र्याच्या शेड आणि एक फाटक, एवढाच कारखाना, पण पोट त्यावर होतं. मालक म्हणाला, यायचं तर या, नाहीतर हिशेब घ्या. मग आम्ही दर रविवारी विरारला घर शोधायला निघायचो. फुलपाड्यात पाहिलं, चंदनसारला पाहिलं. एका ठिकाणी दार उघडलं की थेट गटारात पाय, दुसरीकडे बिल्डरनं जिना बांधायचं विसरून शिडी लावलेली. मी तोंडाची फटकळ. तिथल्या तिथे जे बोलायचं ते बोलून यायचे आणि हे गाडीत बसल्यावर म्हणायचे, "तू आता घर घेतेस की भांडण?"

शेवटी कुणीतरी सांगितलं, पश्चिमेला आगाशीच्या रस्त्यानं जा. बोळिंज सोडलं की दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. केळी, नारळ, मोगऱ्याचे ताटवे, मध्येच एखादा पांढरा क्रूस आणि त्याच्या पायाशी ताजा हार. परळच्या बाईला हे सगळं पाहून आधीच भुरळ पडली होती. त्यात ती भिंत समोर आली.

लांबलचक, चुन्यानं पांढरी केलेली भिंत. तिच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मेघदर्शन. स्टेशनपासून सात मिनिटे. गोड्या पाण्याची विहीर, चोवीस तास पाणी. बुकिंग चालू.' शेजारी चित्र होतं. विहीर, तिच्यावर रहाट आणि लाल लुगडं नेसलेली, कमरेवर कळशी घेतलेली बाई. खाली एक बाण. बाणाच्या दिशेनं मी मान वर करून पाहिलं तर भिंतीपलीकडे खरोखरची विहीर, आणि विहिरीपाशी लाल लुगड्यातली खरोखरची बाई! आता तुम्हीच सांगा, संशय घ्यायला जागा उरते का? परळला चाळीच्या नळावर भांडून भांडून माझा आवाज घोगरा झाला होता. मी यांचा हात धरला आणि म्हटलं, "इथंच."

मंगळसूत्र सोडून होतं नव्हतं ते सगळं त्या बाणाच्या दिशेनं गेलं. सात मिनिटांचं कोडंही राहायला आल्यावर सुटलं. काशीराम शेठच्या मोटारीतून खरंच सात मिनिटं लागायची.

काशीराम शेठ म्हणजे आमचे बिल्डर. पांढरे कपडे, गोड बोलणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'वहिनी' म्हणायची सवय. इमारत त्यांनी बांधली चांगली, ते नाकारून चालणार नाही. पहिला पावसाळा आणि थंडी सुखात गेली. मार्च उजाडला आणि नळाला येणाऱ्या पाण्याची चव बदलली. चहात दूध घातलं की चहा फाटायचा. डाळ तासभर रटरटली तरी दाणा दाणाच. अंघोळ केली की अंग चिकट. मग कळलं की भिंतीपलीकडची ती विहीर वाडीवाल्या बाईची, इमारतीला विहीर-बिहीर काही नाही, इमारतीमागे बोअर मारलेली आहे आणि उन्हाळ्यात तिला खारं पाणी येतं.

आम्ही आठ-दहा बायका शेठच्या ऑफिसात गेलो. त्यांनी आधी सगळ्यांना लिंबू सरबत दिलं. मग म्हणाले, "वहिनी, करार आणलाय? दाखवा बघू, विहीर कुठं लिहिलीय?"

करारात विहीर नव्हती. मी म्हटलं, "भिंतीवर आहे ना ढळढळीत!"

"भिंतीवरची ती जाहिरात," शेठ हसले. "जाहिरात म्हणजे कौतुक. नव्या सुनेला आपण लक्ष्मी म्हणतो, म्हणून तिनं काय सोन्याच्या मोहरा पाडायच्या?"

मी सरबत तसंच टेबलावर ठेवून उठले. 

ग्रामपंचायतीत गेलो. तिथले गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "बाई, पाटीला कर असतो आणि तो त्यांनी भरलाय. पाटीवरचं खरं की खोटं, हे बघायचं काम आमच्याकडे नाही." ठाण्याच्या कोर्टात यांचा एक मावसभाऊ वकील होता. त्यानं सांगितलं, केस उभी राहील, जिंकालही, पण निकालाचा पेढा नातवंडांच्या हातात पडेल. रस्त्याकडेच्या झाडांवर शेठनं पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या, त्यासुद्धा खोट्याच. त्या सरकारी माणसं येऊन अधूनमधून उपटून नेत, कारण झाडं सरकारची. ही भिंत मात्र खासगी. तिला कुणी हात लावू शकत नव्हतं आणि म्हणूनच शेठना ती एवढी प्यारी होती.

राहता राहिली भिंतीची मालकीण. मी पदर खोचला आणि एकटीच फाटकावर जाऊन उभी राहिले.

बर्था डिमेलो तेव्हा पंचावन्नच्या पुढची असेल. चित्रातल्यासारखंच लाल लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयता, आणि मनगटं अशी की कोयत्यानंच घाबरावं. केळीची सुकलेली पानं उतरवत होती. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण फसवणूक, लबाडी, देवाला काय तोंड दाखवणार, असं बरंच काही त्यात होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी लिवलं नाय ते."

"भिंत कोणाची?" मी विचारलं.

 तिनं कोयता खांबाला अडकवला, हात धुतले आणि म्हणाली, "आत ये. पानी पी आदी."

ते पाणी! तांब्याभर प्याले आणि माझा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा मी मुद्दाम राखून ठेवला.

मग तिनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात तिची जुनी मातीची भिंत बसली. नवरा जॉन त्याआधीच गेलेला. गुरं आत शिरून केळी खायला लागली. तेवढ्यात काशीराम शेठ आले आणि म्हणाले, दगडाची भिंत बांधून गिलावा करून देतो, त्या बदल्यात पाच वर्षं भिंतीवर माझ्या इमारतीचं नाव रंगवू दे. बर्थानं फाटकातल्या क्रूसासमोर उभं राहून शब्द दिला. अर्नाळ्याहून पांडू पेंटर आला, होड्यांवर नावं रंगवणारा. त्यानं चित्रातल्या बाईचं लुगडं हिरवं रंगवलं, त्यावरून बर्थानं त्याची हजेरी घेतली. "आमी हिरवं नेसतो कदी?" असं म्हणून लाल करायला लावलं. रहाटाचं चाकही त्याला जमलं नव्हतं, ते तिनं दोनदा पुसायला लावलं. चित्र अगदी तिच्या मनासारखं झालं. अक्षरांकडे तिनं पाहिलंच नाही. तिला वाटलं, चित्र आपलं आणि अक्षरं त्यांची.

"आनि ती अक्षरं पांडूला सांगितली कोनी, ठाव हाय?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"माज्या युजीननं."

युजीन तिचा एकुलता एक मुलगा. काशीराम शेठकडे साइट सांभाळायचा, बुकिंगचे कागदही तोच लिहायचा. मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखं. बोअर मारली तेव्हा पहिलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानंच चाखलं होतं. तरी पांडूला त्यानं 'गोड्या पाण्याची विहीर' असंच सांगितलं, कारण शेठनं तसं सांगायला सांगितलं होतं.

"भिंत माजी, पोर माजा," बर्था म्हणाली. "मंग खोटं कोनाचं? माज्या घरानं तुमाला फसवलंय, परबीन."

आमचं आडनाव परब. तिनं मला त्या दिवसापासून परबीन केलं ते कायमचंच. मी भांडायला गेले होते आणि ती माझ्याआधीच स्वतःला दोषी ठरवून मोकळी झाली. आता भांडायचं कोणाशी?

दुसऱ्या दिवसापासून तिनं मेघदर्शनच्या प्रत्येक घराला सकाळी एक कळशी पाणी द्यायला सुरुवात केली, मार्चपासून पाऊस पडेपर्यंत. एकच, कारण विहीर जास्त उपसली की तिच्यातही खारं पाणी उतरतं. शेजारच्या वाडीतली विहीर तशीच गेली होती. पैसे द्यायची गोष्ट काढली की ती कोयत्याकडे पाहायची. कळशी चुकीची धरली तर मात्र सोडायची नाही. "परबीन, कळशी हाय ती, फाइल नाय! मुंबयची बाय!" असं सगळ्यांदेखत. मीही उलट बोलायचे. तिला बर्थामावशी म्हणायला कधी लागले तेही कळलं नाही.

तिचा मोगरा दादरच्या बाजारात जायचा. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. एक बाई गजऱ्यासाठी फुलं घ्यायला आली. मावशी तिला म्हणाली, "वरची आजची हायत. खालची कालची. कालची नेशील तर कमी दे." ती बाई चक्रावली. मी मावशीला म्हटलं, "न विचारता कशाला सांगायचं?" मावशी म्हणाली, "तिनं इचारलं असतं तर मी सांगितलंच असतं. मंग न इचारता सांगितलं तर काय बिगडलं?" 

अशी बाई, आणि तिच्या दारात रोज तिच्याच मुलाचं खोटं निळ्या अक्षरांत लिहिलेलं. येता-जाता ती त्या बाजूला पाहायची नाही. युजीनशी बोलायची, त्याला जेवायला वाढायची, पण पहिल्यासारखं घर हसायचं नाही, असं तिची शेजारीण फिलोमिना मला सांगायची.

१९८५ च्या मार्चमध्ये मेघदर्शन दोन निघाली. पांडू पेंटर पुन्हा आला. भिंत नव्यानं पांढरी झाली, अक्षरं दुप्पट मोठी झाली आणि गोड्या पाण्याची विहीर होती तिथेच राहिली. रविवारी बुकिंग सुरू होणार, असं तळाशी लाल रंगात. मी संध्याकाळी तिच्याकडे गेले तेव्हा मायलेकांचं चाललं होतं.

"ती एक ओळ तेवडी काड," मावशी म्हणत होती. "बाकी काय पन लिव."

"आये, सगळेच लिहितात," युजीन म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. थकल्यासारखा बोलत होता. "विरारपासून वसईपर्यंत चालत जा आणि एक खरी पाटी दाखव मला. कुणी सात मिनिटं लिहितो, कुणी समोर बाग लिहितो. लोकांना पण ठाऊक असतं."

"या परबीनला ठाव होतं काय?"

युजीन माझ्याकडे न पाहता बाहेर निघून गेला.

मी म्हटलं, "मावशी, चुना आणा. मी आणि तुम्ही मिळून आत्ता भिंत पांढरी करू. भिंत तुमची आहे, कोण काय करणार?"

"शब्द दिलाय पाच वरसांचा. पावसाळ्यात सपतो."

"तोवर दुसरी इमारत विकली जाईल! खोट्या माणसाला दिलेला शब्द कसला पाळता?"

"शब्द मी दिलाय ना? त्यानं नाय दिला," ती म्हणाली. "आनि पुसून काय व्हतंय? युजीननं सांगितलं ते सांगितलंच."

मला तिचा इतका राग आला की मी उठले. पण ती कसल्या तरी विचारात होती. मला हातानं बसवून तिनं विचारलं, "तुमच्यात लगीन ठरलं की देवळात सांगतात काय?"

मी म्हटलं, पत्रिका वाटतो, देवळात कोण सांगणार?

मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सेच्या वेळी, फादर सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, लग्न करणार आहेत. या लग्नात काही अडचण असल्याचं कुणाला ठाऊक असेल, तर त्यानं ते सांगितलंच पाहिजे. आधीचं लग्न असेल, जवळचं नातं असेल, काहीही. ठाऊक असून जो गप्प बसेल, त्या पापात तोही वाटेकरी.

"ही पाटी पन तेच करते," मावशी म्हणाली. "रस्त्यावर उबी राहून वाचून दाकवते. घर घ्या, घर घ्या. मना अडचन ठाव हाय आनि मी घरात बसून हाय." तिनं मांडीवर हात मारला. "तीन रविवार मी तितं बसनार."

पहिल्या रविवारी सकाळची मिस्सा झाली आणि मावशी चर्चला नेसलेल्या चांगल्या लुगड्यातच भिंतीखाली खुर्ची टाकून बसली. पुढ्यात दोन माठ. एकात तिच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात माझ्या घरच्या नळाचं. ते भरून आणायची जबाबदारी माझी होती, आणि मी ती आनंदानं पार पाडली. बुकिंगचा मांडव तिथंच वळणावर, बोललेलं ऐकू येईल इतका जवळ. टेबलामागे युजीन, हातात पेन.

लोक येऊ लागले. पाटी वाचायचे, चित्राकडे पाहायचे आणि मग चित्राखाली बसलेल्या तशाच बाईकडे पाहायचे. ती पेला पुढे करायची. "लांबनं आलात. पानी प्या." लोक गोडं पाणी प्यायचे आणि खूश व्हायचे. मग ती दुसरा पेला द्यायची. एक घोट घेतला की तोंडं वाकडी. "पैलं माज्या विहिरीचं. ते इमारतीला नाय. दुसरं इमारतीचं. आता मांडवात जावा." एवढंच. इमारतीबद्दल वाईट शब्द नाही, शेठला शिवी नाही. मी मध्येच तोंड घालायचे तर मला गप्प करायची.

त्या दिवशी मांडवात फार कुणी गेलं नाही.

दुसऱ्या रविवारी युजीन मांडवातून उठून आईसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. पण तो खाली वाकून हळू म्हणाला, "आये, घरी चल. शेठ म्हणतात, तुझ्या आईला आवर नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मावशीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिला मुलाची नोकरी नको होती असं नाही. वाडीवर आता दोघांचं भागत नव्हतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तुजी नोकरी जावी आसं मना नाय वाटत," ती म्हणाली. "तू तितं बस, तुजं काम कर. मी हितं बसते, माजं करते."

"तुझ्यामुळे माझं काम राहणार नाही!"

"युजीन, मी लोकांना पानी पाजते. त्यात खोटं काय हाय सांग, मी उटते."

 युजीन परत जाऊन टेबलामागे बसला. त्या दिवशी मावशी पेले भरत होती तरी तिचं लक्ष लोकांकडे नव्हतं. पोराच्या पाठीकडे पाहत होती. मी तिला पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. आमचं पाणी आमच्या नशिबी आलंच होतं, त्यासाठी या बाईनं मुलगा का तोडून घ्यावा? मी म्हटलंही, "पुरे झालं मावशी." ती म्हणाली, "आजून एक रविवार राह्यला."

तिसऱ्या रविवारी शेठ स्वतः हजर होते. मोटार वळणावर उभी, कपडे नेहमीपेक्षा पांढरे. गर्दीही होती, कारण भिंतीखालच्या बाईची गोष्ट आता आगाशीपर्यंत पोचली होती आणि काही लोक नुसते बघायला आले होते.

शेठ सरळ मावशीसमोर आले. "बर्थाबाई, शब्द दिला होतात ना? पाच वर्षं?"

"दिला व्हता. भिंतीला बोट तरी लावलंय मी?"

"मग हे काय चाललंय?"

"भिंत दिली शेठ," मावशी म्हणाली. "तोंड नाय दिलं."

बघे खो खो हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. शेठ लाल झाले, पण करणार काय? ती तिच्याच जमिनीवर, तिच्याच खुर्चीवर, तिच्याच माठाशी बसली होती. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं असतं तर तेच सज्जन गृहस्थ म्हणाले असते, पाणी पाजायला परवाना लागत नाही.

तेवढ्यात एक जोडपं आलं. तो गिरगावात एका छापखान्यात काम करायचा, नाकावर जाड चष्मा. बायको त्याच्याहून धीट. दोघं दोन्ही पेले प्याली. चष्मेवाल्यानं तोंड वाकडं केलं नाही, नुसतं विचारलं, "हे असं वर्षभर?"

"मारचापासनं पावसापरेंत. बाकी टायमाला बरं आसतं."

"आणि बांधकाम?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगू? माझ्या जिभेवर भलतंच आलं होतं. पण तिच्यासमोर ते बाहेर येईना. "चांगलं आहे," मी म्हटलं. "तीन पावसाळे झाले, एक थेंब गळलेला नाही."

"शेठ शिमीट खात नाय," मावशीनं पुस्ती जोडली, शेठकडे बोट करून. "पान्याचं तेवडं खोटं."

नवरा-बायको बाजूला जाऊन कुजबुजले. मग बायको म्हणाली, "घेऊ या. दारातच कोणीतरी खरं सांगतंय, अशा ठिकाणी राहायला काय हरकत आहे?"

शेठचा चेहरा खुलला आणि मावशीचा पडला. तीन रविवार बसून, मुलाशी वाकडेपणा घेऊन, शेवटी माणूस निघाला तो घर घ्यायलाच! मीही चरफडले. पण चष्मेवाला मांडवात जाऊन बसला आणि युजीनला म्हणाला, "करारात एक ओळ घाला. इमारतीला बोअरचं पाणी आहे, ते उन्हाळ्यात खारं होतं, आणि त्या दिवसांत पिण्याचं गोडं पाणी बिल्डर आणून देईल."

"अहो, असं कुठं लिहितात का!" शेठ हसत पुढे आले.

"आता मला ठाऊक झालंय ना, मग लिहायला काय झालं? नाहीतर राहू दे."

मागे उभे असलेले दोघं-तिघं पुढे सरकले. आम्हालाही तसंच लिहून द्या, असं एकानं म्हटलं. शेठचं हसू आटलं. ते युजीनकडे वळून म्हणाले, "युजीन, समजाव यांना. लिहू नको काही."

युजीन मान खाली घालून बसला होता. समोर करार उघडा, हातात पेन.  मावशी खुर्चीवरून उठली नव्हती, पण पेला तिच्या हातात तसाच अर्धा भरलेला राहिला होता.

युजीननं शेठकडे पाहिलं नाही. आईकडेही पाहिलं नाही. त्यानं लिहायला सुरुवात केली, त्या मोत्यासारख्या अक्षरात, सावकाश. लिहून झाल्यावर करार उचलला आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात तसा वाचला. पण गिऱ्हाईक समोर बसलं होतं आणि आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाईल एवढा होता.

"सदर इमारतीस विहीर नाही. बोअरचे पाणी असून ते उन्हाळ्यात खारे होते. त्या दिवसांत पिण्याचे गोडे पाणी बिल्डर आणून देईल. हे मी स्वतः चाखलेले आहे."

ते शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. करारात तसलं वाक्य बसतही नाही. शेठनं कपाळावर हात मारला. युजीननं पेनला टोपण लावलं आणि म्हणाला, "आता काढायचं तर काढा मला."

बर्थामावशीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. एवढ्या दणकट मनगटांची बाई, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायचंही तिला भान नव्हतं.

"आयकलं ना परबीन?" ती म्हणाली. "माज्या घरानं सांगितलं."